आवाजाच्या मापाचा स्वेटर

मित्रांनो, मला खिशात ठेवायचं तर आधी खिशात भिंत बांधावी लागेल. मी ओकच्या लाकडाचा एक जुना टेलिफोन आहे. वर दोन गोल पितळी घंटा, त्यांच्याखाली पुढे आलेला बोलायचा भोंगा, एका बाजूला आकड्याला टांगलेला ऐकायचा भोंगा, दुसऱ्या बाजूला घंटा वाजवायचा दांडा. समोरून पाहिलं तर मला कुणीतरी आत्ताच वाईट बातमी सांगितली आहे असं वाटतं. तसं काही नाही. माझा चेहराच तसा आहे.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. तपासनिसाने माझ्यात तोंड घालून 'हॅलो' म्हटलं, दुसऱ्या खोलीतल्या माणसाने 'हॅलो' म्हटलं आणि मी पास झालो. एवढी सोपी परीक्षा आयुष्यात पुन्हा झाली नाही. पुढे मला गवतात गुंडाळून मिनेसोटातल्या नॉर्डाल गावी पाठवलं आणि तिथल्या सहकारी डेअरीच्या भिंतीवर ठोकलं. लोणी घुसळायच्या टाक्या समोर, कचेरीचं टेबल बाजूला. भिंत उबदार होती. तक्रार नाही.

नॉर्डालमध्ये दहा-बारा घरांना मिळून एकच तार होती. एकाचा फोन आला की सगळ्यांच्या घरी घंटा वाजायची. कुणासाठी वाजते आहे ते घंटेच्या लांबी-आखूडीवरून ओळखायचं, आणि ती आपली नाही याची खात्री पटली की अलगद फोन उचलायचा. याला तिथे चोरून ऐकणं म्हणत नसत. हवामान कळावं म्हणून ऐकत असत. अडचण एकच. जितके कान वाढत, तितका आवाज क्षीण होई. मग बोलणाऱ्याला म्हणावं लागे, "जरा दोघी-तिघींनी फोन ठेवा बाई, ऐकू येत नाहीये." की खट, खट, खट.

यातल्या एक गुडरून स्लेटेन. विधवा, डेअरीसमोरच राहायच्या. दोन्ही हात विणायला मोकळे राहावेत म्हणून त्या ऐकायचा भोंगा उशीवर टेकवून कान त्याला लावून बसत. त्यांच्या सुयांची टिकटिक मला तारेतून स्पष्ट ऐकू यायची. संभाषण रंगलं की टिकटिक वाढे. हवामानाचं खरंच हवामानच निघालं, तर सुया मंदावत.

माझा मालक हाल्वोर ट्वेट. डेअरीत लोणी काढायचं काम त्याचं. पन्नाशीचा, अविवाहित, दारातून येताना डोकं वाकवणारा, टाकीचं झाकण एका हाताने उचलणारा. देवाने त्याचं शरीर घडवताना माप सढळ धरलं आणि आवाजाच्या वेळी त्याला कुणीतरी हाक मारली असावी. हाल्वोरचा आवाज दहा वर्षांच्या मुलीचा होता. गाण्यात तो सोन्यासारखा लागे, फोनवर मात्र नवखी माणसं म्हणत, "बाळ, घरात मोठं कुणी आहे का?"

हाल्वोर नॉर्डाल पुरुष गायन मंडळाचा प्रमुख होता. मंडळ त्याच्या वडिलांनी काढलेलं. तालीम डेअरीतच चाले, कारण टाक्यांमुळे आवाज छान घुमायचा. त्या वर्षी मंडळावर संकट आलं. खालच्या खर्जात गाणारा एकुलता एक नेल्स मुलाकडे कॅलिफोर्नियाला कायमचा गेला आणि जाताना खर्ज घेऊन गेला. खर्जाशिवाय पुरुष मंडळ म्हणजे बुडाशिवाय बादली. जूनच्या गायन मेळाव्याला वरच्या पट्टीपासून खर्जापर्यंत चारही आवाज असल्याशिवाय प्रवेश नव्हता. आदल्या वर्षी नदीच्या पुरामुळे मंडळ गेलं नव्हतं. यंदाही चुकलं तर नियमाप्रमाणे नाव कापून त्याला शेजारच्या वेस्टबीच्या मंडळात विलीन करणार होते. वेस्टबीची माणसं नाकातून गातात. हाल्वोरची झोप उडाली.

अशात मार्चमध्ये ब्रेक्केंचा पहिला फोन आला.

"ब्रेक्के. नदीपलीकडचं शेत," आवाज म्हणाला. मित्रांनो, मी गडगडाट वाहून नेले आहेत, ट्रॅक्टरविषयीची भांडणं वाहून नेली आहेत. पण त्या आवाजाने माझ्या लाकडाला कंप सुटला. विहिरीच्या तळाशी कुणी पिंप लोटत न्यावं, तसा तो आवाज होता. "सायीचा डबा परत आला, पण तो माझा नव्हे."

"उद्याच बदलून पाठवू," हाल्वोर म्हणाला.

"बरं, पोरी. वडिलांना सांग, डबा चांगला आहे, पण माझा जास्त चांगला होता."

आता तुम्ही म्हणाल, हाल्वोरने तिथेच सांगायचं होतं. पण नॉर्डालमध्ये एखाद्याला 'तुमचं चुकतंय' म्हणणं म्हणजे त्याच्या पेरलेल्या शेतात आपली गुरं सोडणं. हाल्वोर म्हणाला, "बरं." एकदा 'बरं' म्हटल्यावर दुसऱ्या वेळी खुलासा कसा करणार? तेव्हापासून तो पोरगी झाला. तारेवरच्या सगळ्या कानांना ते कळलं. लोक दुकानात भेटले की विचारत, "काय पोरी, लोण्याचं कसं काय?" आणि पोट धरून हसत.

याच लोकांनी याच कानांनी ब्रेक्के कसे आहेत ते मात्र पक्कं ठरवून टाकलं. सहा फूट तीन इंच. दाढी. पूर्वी जंगलात लाकूडतोड्या असणार. विधुर असणार, कारण घरात बायको असती तर डब्याची तक्रार तिने केली असती. ब्रेक्केंना प्रत्यक्ष पाहिलेलं कुणीच नव्हतं. ते हिवाळ्यात नव्याने राहायला आले होते, डबे रस्त्याच्या कडेला ठेवत, आणि रविवारी नदीपलीकडच्या चर्चमध्ये जात. तेही आमच्यासारखे लुथरन पंथाचेच, पण चाळीस वर्षांपूर्वी एका प्रार्थनेवरून फाटलं होतं, आणि तेव्हापासून अलीकडचे पलीकडच्यांकडे बघतसुद्धा नसत.

एकदा गुडरूनबाईंनी मैत्रिणीला, इंगाला फोन केला. "छाती किती धरू गं?"

"कुणाची?"

"कुणाची असं नाही. समज, एखाद्याचा आवाज खूप खोल आहे."

"माझ्या नवऱ्याच्या छातीत दोन विती मिळव."

"तुझ्या नवऱ्याचा आवाज मला आठवतच नाही."

"मलाही नाही," इंगा म्हणाली. "वीस वर्षं झाली."

स्वेटर सुरू झाला.

हाल्वोरच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती: तो खर्ज. त्याने ब्रेक्केंना फोन लावला. दोघं बराच वेळ चिखलाविषयी बोलले. मग घसा साफ करून, म्हणजे तो आणखीच बारीक करून, हाल्वोर म्हणाला, "आमच्या गायन मंडळात खालचा स्वर कमी पडतोय. याल का?" 'पुरुष' हा शब्द त्याने गाळला. ज्या माणसाने आत्ताच आपल्याला पोरी म्हटलं, त्याच्यापुढे तो शब्द काढायचा धीर झाला नाही.

"छे गं. माझ्या गाण्याने मांजरं घर सोडून जातात."

हा नकार नव्हता. तिथे कॉफीलासुद्धा दोनदा 'नको' म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं नाही, तर तो अपमान. हाल्वोरने पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. "आता पेरणीचे दिवस," ब्रेक्के म्हणाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा इतके कान तारेला लागले होते की मला दोन्ही बाजू जेमतेम पेलल्या.

"बरं, पोरी. तू एवढं म्हणतेस तर येईन."

तारेवर सात-आठ सुस्कारे एकदम ऐकू आले.

तालमीच्या संध्याकाळी डेअरी भरून गेली. मंडळाचे पुरुष होतेच; त्यांच्या बायकाही आल्या होत्या. सहज. प्रत्येकीने सहज केक आणला होता. गुडरूनबाईंनी नवी टोपी घातली होती आणि मांडीवर एक फुगलेलं पुडकं होतं. हाल्वोरने ठरवलं होतं की ब्रेक्केंसमोर शक्य तितका वेळ तोंडच उघडायचं नाही.

दार उघडलं आणि एक ठेंगणी बाई आत आली. साठीची, गोल चष्मा, पायात रबरी बूट, हातात फडक्याने झाकलेली ताटली. तिने मानेने नमस्कार केला, सगळ्यांनी मानेने उत्तर दिलं, आणि ती माझ्याशेजारच्या खुर्चीत बसली. ही ब्रेक्केंची आई, सगळ्यांनी मनात ठरवलं. ते बाहेर गाडी लावत असतील. विचारलं कुणीच नाही. विचारणं बरं दिसत नाही.

बाईही काही बोलेना. ती एकेका चेहऱ्याकडे बघत कुणालातरी शोधत होती. इंगाने कॉफी पुढे केली. बाईने मान हलवली. पुन्हा केली, पुन्हा हलवली. तिसऱ्यांदा घेतली.

"गाडी लावायला फार वेळ लागतोय," खजिनदार पेडर लुंडे पुटपुटला.

"मोठी गाडी असेल," कुणीतरी म्हणालं.

कॉफी संपली. केक संपत आले. शेवटी हाल्वोर उठला, माझ्याकडे आला, दांडा फिरवून ब्रेक्केंची घंटा वाजवली, दोन लांब, एक आखूड, आणि माझ्या भोंग्यात तोंड घालून म्हणाला, "हॅलो? ब्रेक्के आहेत का?"

"इथंच आहे की, पोरी," शेजारच्या खुर्चीतून विहिरीतलं पिंप बोललं.

बायकांनी छताकडे पाहिलं. पुरुषांनी टाक्यांमध्ये डोकावून पाहिलं. हाल्वोर सावकाश वळला. बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग आणखी वर पाहिलं, मग आणखी वर.

"तू?"

"मी."

"अगं... अरे! पण केवढा हा!"

"लहानपणापासून," हाल्वोर ओशाळून म्हणाला. "आणि तुम्ही ब्रेक्के?"

"राग्ना ब्रेक्के. सोळाव्या वर्षी घसा बसला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाला, वाईट नाही." तिने सभोवार पाहिलं. "मला वाटलं, चर्चच्या पोरींचं मंडळ आहे. दोन खालचे स्वर लावून द्यावेत म्हणून आले. इथे तर सगळे बाप्येच."

गुडरूनबाईंच्या पुडक्यातून निळी बाही बाहेर लोंबत होती. ती सरळ केली असती तर राग्नाबाईंच्या घोट्यापर्यंत पोचली असती. गुडरूनबाईंनी पुडकं पायाने बाकाखाली ढकललं.

पेडर लुंडे खाकरला. "पाटीवर 'पुरुष गायन मंडळ' लिहिलंय."

"मग मी निघते," राग्नाबाई म्हणाल्या. "बिस्किटं राहू द्या. ताटली डब्याबरोबर पाठवा. माझ्या डब्याबरोबर."

"थांबा," हाल्वोर म्हणाला. नॉर्डालमध्ये याला आरडाओरडा म्हणतात. सगळे दचकले. "एक स्वर लावा. मग जा."

राग्नाबाईंनी बूट नीट टेकवले आणि स्वर लावला. मित्रांनो, कुणी दांडा न फिरवता माझ्या घंटा किणकिणल्या. टाक्यांची झाकणं गुणगुणली. पेडरने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"वाईट नाही," तो म्हणाला. त्याने लग्नातसुद्धा एवढी स्तुती केली नव्हती. "पण मेळाव्याचे चिटणीस मानतील का?"

तेवढ्यात माझी घंटा वाजली. चिटणीसच होते, मिनिआपोलिसहून. आज त्यांना मंडळांची नावं पक्की करायची होती.

"बाई, मंडळाच्या प्रमुखांना द्या," ते म्हणाले.

"मीच," हाल्वोर म्हणाला.

"हो, हो. पण जवळपास कुणी पुरुषमाणूस आहे का?"

हाल्वोरने खोलीतल्या पुरुषांकडे पाहिलं. सगळे आपापल्या बुटांकडे पाहत होते. त्याने भोंगा राग्नाबाईंच्या कानाला लावला आणि त्यांच्या पायाखाली लोण्याचं रिकामं खोकं सरकवलं.

"ब्रेक्के. बोला," राग्नाबाई खोक्यावर चढून म्हणाल्या.

"हां! आता कसं बरं वाटलं. काय साहेब, यंदा खर्ज आहे ना?"

"आहे. ऐकताय तोच."

"उत्तम! मग नाव लिहितो."

"एक आधीच सांगितलेलं बरं. मंडळात एक बाई आहे."

चिटणीस मोकळेपणी हसले. "कळलं ते, फोन त्यांनीच उचलला ना! अहो, वह्या धरायला, कॉफीला कुणीतरी लागतंच."

"गायला आहे."

"साहेब, शोभेल का ते?"

"शोभेल."

"तुमची हमी?"

"माझी हमी."

"मग तुमच्यासारख्या भारदस्त माणसाच्या शब्दापुढे मी काय बोलणार! लिहिलं नाव."

राग्नाबाईंनी भोंगा आकड्याला लावला आणि खोक्यावरून खाली उतरल्या. "मी एक शब्द तरी खोटं बोलले का?"

"एकही नाही," पेडर म्हणाला.

"मग त्याने खरं का ऐकलं नाही?"

हाल्वोरने गाण्याच्या वह्या वाटल्या. तालीम सुरू झाली.

मेळाव्याला मला नेलं नाही. मी भिंतीला होतो. पण इंगाने गुडरूनबाईंना फोनवर सगळं सांगितलं. चिटणीस स्वागताला आले, त्यांनी हाल्वोरचा हात दोन्ही हातांनी धरून म्हटलं, "ब्रेक्केसाहेब, शब्द पाळलात!" हाल्वोरने तोंड घट्ट मिटून मान डोलावली. मग ते राग्नाबाईंना म्हणाले, "फोन तुम्हीच उचललात ना, बाई?" त्यांनीही मान डोलावली. गाणं सुरू झालं, पहिला खर्ज लागला, आणि चिटणीस खुर्चीवर बसायला गेले ते खुर्ची नसलेल्या जागी बसले. बक्षीस वेस्टबीला मिळालं, नाकातून गाऊन. पण नॉर्डालचं नाव यादीत राहिलं.

"कसं झालं एकंदर?" गुडरूनबाईंनी विचारलं.

"वाईट नाही."

"एवढं चांगलं?"

थंडीच्या सुरुवातीला गुडरूनबाईंनी डेअरीत फोन केला. खिडकीतून हाक मारली असती तरी चाललं असतं. त्या दिवशी सुयांची टिकटिक मुळीच नव्हती.

"हाल्वोर, माझ्याकडे एक स्वेटर पडून आहे. चुकीच्या माणसासाठी विणला गेला. उसवायचा कंटाळा आलाय. तुला होईल."

"नको, नको. उगाच कशाला."

"निळा आहे."

"नको. असू दे." हाल्वोरचा आवाज इतका बारीक झाला की मला तो धाग्यासारखा ओढून न्यावा लागला. सगळी तार श्वास रोखून होती. तिसऱ्यांदा विचारायला गुडरूनबाईंना धीर होईना, आणि तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय 'हो' म्हणायची तिथे सोय नव्हती.

तेव्हा तारेच्या पार टोकाकडून विहिरीतलं पिंप गडगडलं, "घे की, पोरी!"

"बरं," हाल्वोर म्हणाला.

खट, खट, खट. नॉर्डालच्या इतिहासात पहिल्यांदाच, कुणी न सांगता सगळ्यांनी फोन ठेवले. त्या दोघांना पुढचं नीट ऐकू यावं म्हणून.

पुढे तबकडीचे फोन आले. मला काढून डेअरीच्या पडवीत टाकलं. तिथे एक कोंबडी माझ्या फळीवर अंडी घालायची. बरी होती ती, बोलायची कमी. आता मी तालुक्याच्या संग्रहालयात आहे. माझ्याखालच्या पाटीवर 'रेल्वे स्थानकातील टेलिफोन' असं लिहिलं आहे, कारण मी तसा दिसतो. मी रेल्वे कधी पाहिलेली नाही. मीही नॉर्डालचाच, कुणाला चुकीचं म्हणत नाही.

मित्रांनो, इथे आलात तर माझा दांडा फिरवा, पण भोंगा परत आकड्याला लावा; तो लोंबकळत ठेवला की माझी मान दुखते. आणि एक विनंती. माझ्याकडून तुम्हाला मिळतो तो फक्त आवाज. त्याच्यामागचा माणूस मी आणत नाही, तो तुम्हालाच जाऊन भेटावा लागतो. म्हणून आवाजाच्या मापाने कुणासाठी स्वेटर विणायला घेऊ नका. विणून झालाच असेल, तर उसवण्याआधी समोरच्या डेअरीत एकदा बघून या.