एका हाताचं अंतर

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो, पण माझ्यात कुणी आपलं तोंड बघू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. मी गाडीतला आरसा. पुढच्या काचेच्या वर, मधोमध टांगलेला. मागून कोण येतंय ते चालवणाऱ्याला सांगायचं, एवढंच माझं काम. तेवीस वर्षं झाली, हेच करतोय आणि अजून कंटाळलो नाही.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. काच कापली, पाठीला मुलामा दिला, काळ्या चौकटीत बसवलं आणि एका पांढऱ्या छोट्या गाडीत अडकवून दिलं. ती गाडी आली ग्वाल्हेरला, दौलतगंजात, मल्हाररावांच्या दारी. त्यांच्या पत्नी वनमालाबाईंनी गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि जाता जाता माझ्या कपाळावरही कुंकवाचं बोट टेकवलं. काय सांगू तुम्हाला, मी असा फुगलो की विचारू नका!

मल्हारराव शाळेत कवायत शिकवायचे. पूर्वज शिंद्यांच्या फौजेत होते, तो ताठा अजून मानेत शिल्लक. पोरं रांगेत उभी राहिली की ते गरजायचे, "एक हाथ का फासला!" मग प्रत्येक पोर हात सरळ पुढे करून पुढच्याच्या खांद्याला बोटं टेकतंय का ते बघायचं. त्याहून जवळ कुणी सरकलं, की पंचवीस उठाबशा. निवृत्त झाले तरी ही सवय गेली नाही. आणि रस्त्यावर तर, मित्रांनो, रांगेची कुणाला पडलीय!

मागून गाडी अगदी डिकीला नाक लावून येते, वर हॉर्न वाजवत सुटते, असे लोक तुम्ही पाहिले असतील. मल्हारराव त्यांना 'चिपकू' म्हणत. माझ्यात चिपकू दिसला की त्यांचे कान लाल व्हायचे. मला पुढचा रस्ता थेट दिसत नाही, पण त्यांच्या चष्म्याच्या दोन काचांत तो इवलासा दिसतो, आणि त्या काचांच्या मागचे डोळे तर मला पाठ झालेत. ते माझ्याकडे एकदा बघत, अंतर जोखत, आणि मग मुद्दाम कच्चकन ब्रेक मारत. मागचा घाबरून थांबला की खूश!

"अहो, कशाला?" वनमालाबाई डाव्या सीटवरून म्हणायच्या.

"अगं, शिकवायला नको? चिपकून चाललाय नुसता!"

"तुमची शाळा सुटली. आता घंटा कोण वाजवतंय इथे?"

मल्हारराव हसायचे, पण ऐकायचे नाहीत. खरं सांगतो, मलाही तेव्हा मजा वाटायची. माझ्याकडे बघूनच तर ते ब्रेक मारायचे ना! आपल्यावाचून यांचं काही चालत नाही, असं मला वाटायचं. चुकलंच माझं.

गेल्याच्या गेल्या दसऱ्याची गोष्ट. दोघं शमीपूजनाला निघाले होते. मल्हाररावांनी पेटीतली आजोबांची पगडी काढून घातली होती. आमच्याकडच्या मराठा घरांत वर्षातून एकदा ती पगडी डोक्यावर चढते, आणि ती चढली की माणूस दोन बोटं उंच होतो. निघताना त्यांनी मला हात लावला आणि स्वतःकडे वळवलं. पगडीचं टोक बरोबर कपाळाच्या मध्ये आलंय का, ते बघितलं. मिशीवरून बोट फिरवलं. आणि मला पुन्हा जागेवर वळवायचं साफ विसरले.

आता माझ्यात काय दिसणार? पगडी! नुसती पगडी! मागून एक जीप आली असेल, जवळ आली असेल, हॉर्न तर मला ऐकू येत होता, पण मी दाखवू काय? मी आपला लाल पागोट्याचे पेच दाखवत लटकलो होतो. फूलबागेपाशी तो हॉर्न ऐकून मल्हाररावांचे कान लाल झाले. सवयीने त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यात त्यांना आपलीच पगडी दिसली, आणि अंतर न जोखताच त्यांनी कच्चकन ब्रेक मारला.

धाड!

डिकी आत गेली. पूजेचं ताट उडालं, हळद-कुंकू सगळीकडे सांडलं. पगडी घरंगळून पायाशी पडली. जीपवाला उतरून ओरडला, "अंकल, सामने कुछ था ही नहीं, ब्रेक क्यों मारा?" मल्हारराव त्याच्यावर दुप्पट ओरडले, "फासला रखा था? रखा था फासला?" दोघंही बराच वेळ ओरडत होते. वनमालाबाई मात्र सीटवरच होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी मान धरली होती.

मानेला लचक भरली होती. महिनाभर गळ्यात पट्टा. पट्टा निघाला त्या दिवशी त्या गाडीपाशी आल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आजपासून मी तुमच्या गाडीत बसणार नाही." भांडण नाही, रडणं नाही. भाजी निवडावी तसं सांगून टाकलं.

मित्रांनो, मल्हाररावांना दुसरं काही बोचलं नसतं इतकं ते बोचलं. कारण त्यांची गाडी चालायचीच मुळी वनमालाबाईंसाठी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या बिर्ला नगरला जात. तिथे त्यांच्या थोरल्या बहिणीचं, लीलाताईंचं घर. लीलाताई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना वनमालाबाई वेणी घालत, पेपर वाचून दाखवत. नेणं-आणणं मल्हाररावांकडे. आता वनमालाबाई ई-रिक्षाने जाऊ लागल्या, आणि गाडी दारात उभी राहिली.

ते दिवस मला आठवले की अजून गलबलतं. माझ्यावर धुळीचा थर बसला. एका कोळ्याने माझ्यापासून छतापर्यंत जाळं विणलं. मल्हारराव रोज सकाळी येत, दार उघडून आत बसत, डाव्या सीटवरून हात फिरवत आणि काही न चालवता परत जात. मला कुणी पुसलं नाही. त्यांची मुलगी अवंतिका कॉलेजात शिकवते, ती म्हणाली, "बाबा, आता देऊन टाका ना ही गाडी. आईला बसायचं नाही, तर फिर किसके लिए रखी है?" मल्हारराव नुसती किल्ली खिशात टाकून आत गेले. माझा मात्र जीव कासावीस झाला.

मग एका शुक्रवारी वनमालाबाई ई-रिक्षात चढल्या. आत आधीच चौघं, त्यात एक पोतं. जागा नव्हती म्हणून त्या चालकाच्या पाठीला पाठ लावून, तोंड मागे करून बसल्या. रिक्षा हलताना एका अंगाला कलली. मल्हारराव ओट्यावरून बघत होते. त्यांनी चपला घातल्या, आले, माझ्यावरचं जाळं एका फटक्यात काढलं आणि गाडी सुरू केली.

"फक्त बघून येतो," असं ते कुणाला म्हणाले देव जाणे. गाडीत मीच होतो.

आता गंमत ऐका. रिक्षा नजरेआड होऊ नये म्हणून ते तिच्या मागे लागले. बाड्याच्या चौकात एक स्कूटर मध्ये घुसली, तर त्यांनी हॉर्न वाजवून तिला पिटाळलं आणि गाडी आणखी पुढे सरकवली. पडावाचा पूल चढताना रिक्षा दमली, हळू झाली, तरी हे मागे हटेनात. पुन्हा हॉर्न! माझ्यात बघावं तर मागचा रस्ता मोकळा, दूरवर एक सायकलवाला काय तो. मला काही उमगेना. मग मी त्यांच्या चष्म्यात पाहिलं, आणि चपापलो. दोन्ही काचांत रिक्षा एवढी मोठी दिसत होती की बाजूचा रस्ता मावतच नव्हता.

अरे देवा! आमचे मल्हाररावच चिपकू झाले होते!

वनमालाबाई समोरच होत्या, तोंड आमच्याकडे. त्यांनी नवऱ्याला ओळखलं. रागावल्या नाहीत, हाकाही मारल्या नाहीत. त्यांनी उजवा हात उचलला आणि शाळेतल्या पोरासारखा सरळ पुढे केला, बोटं ताणून. एक हात अंतर! चष्म्याच्या दोन काचांत ते दोन इवले हात मला स्पष्ट दिसले.

मल्हाररावांचा पाय ब्रेकवर गेला. कच्चकन नाही हो, हळूच. त्यांचे कान पुन्हा लाल झाले, पण तो लाल रंग वेगळा होता, मी तेवीस वर्षांत तो पाहिला नव्हता.

पूल उतरल्यावर रिक्षावाल्याने डावीकडचा दिवा लावला, गाडी कडेला घेतली आणि हाताने पुढे जायची खूण केली. आम्ही बरोबरीला आलो तेव्हा तो म्हणाला, "निकल जाओ दादा, आराम से. मेरी गाड़ी में अम्मा बैठी हैं, मैं तो धीरे ही चलाऊँगा."

"हां भैया, जाने दो इनको," वनमालाबाई पदर सावरत म्हणाल्या, "इन्हें बहुत जल्दी है."

मल्हाररावांनी गिअर टाकला. ते मान खाली घालून पुढे निघून गेले. थोड्या अंतराने मला ती रिक्षा मागे दिसू लागली. मागे, लांब, व्यवस्थित अंतर राखून. तो साधा रिक्षावाला ना ओरडला, ना अडून बसला. बाजूला झाला, आपली माणसं सांभाळली आणि आपल्या वेगाने येत राहिला. मल्हारराव माझ्यात बघत होते, पार हजीऱ्याच्या चौकापर्यंत बघत होते.

दोन-अडीच तासांनी वनमालाबाई लीलाताईंच्या दारातून बाहेर आल्या, तर गाडी उभी. मल्हाररावांनी तोवर मला रुमालाने चारदा पुसलं होतं.

"किती जवळ होतात, कळलं का?" वनमालाबाईंनी विचारलं.

"कळलं."

"शाळेत असतं तर?"

"पंचवीस उठाबशा."

"या वयात नको. गुडघे जातील, मग मलाच तेल चोळावं लागेल." त्यांनी डिकीवरून एकदा नजर फिरवली. मग डावीकडचं दार उघडून बसल्या. "आज बसते. पण एकदा जरी तो ब्रेक मारलात ना, तर आहे तिथे उतरेन. आणि मग पुन्हा कधीच नाही."

मी श्वास रोखून धरला, म्हणजे आरशाला जमतो तेवढा. संध्याकाळ झाली होती. पुलावर आलो आणि माझ्यात लख्खकन उजेड आदळला. एक पिकअप, पाठीवर क्रेटचा डोंगर, दिवे पूर्ण लावलेले, आणि हॉर्न तर असा की थांबायचं नावच नाही. अगदी डिकीला खेटून! मल्हाररावांचे कान तापले. वनमालाबाईंचा हात आपसूक मानेकडे गेला. मल्हाररावांनी तो पाहिला.

माझ्या बुडाशी एक छोटी कळ आहे. ती ओढली की मागच्या दिव्यांची तिरीप डोळ्यांत जात नाही. "डोळे काय चोरायचे?" म्हणून तेवीस वर्षांत त्यांनी तिला हात लावला नव्हता. आज लावला. उजेड मवाळ झाला. आणि त्यांनी अंतर जोखलं, पूल उतरेपर्यंत आपला वेग धरून ठेवला, डावीकडचा दिवा लावला, हळूहळू कडेला झाले आणि खिडकीतून हात काढून त्याला वाट दिली.

पिकअपवाला जाता जाता ओरडला, "ताऊ, घर पे बैठा करो!"

मी म्हटलं, झालं! आता काही खरं नाही.

मल्हारराव म्हणाले, "जाऊ दे बिचाऱ्याला. घरी कुणी ताट वाढून बसलं असेल."

वनमालाबाई खिडकीकडे तोंड करून हसल्या. उतरल्या मात्र दौलतगंजातच, आपल्या दारात.

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही बिर्ला नगरला जातो. चिपकू अजून भेटतात, भेटणारच. कधी कधी मल्हाररावांच्या पायाला खाज सुटते, ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसतं. मग ते डावीकडचा दिवा लावतात.

परवा दसरा झाला. पगडी पुन्हा बाहेर आली. गाडीत बसल्यावर मल्हाररावांचा हात सवयीने माझ्याकडे आला, मला स्पर्शही झाला. आणि तिथेच थांबला. ते वनमालाबाईंकडे वळले.

"बघ गं, वाकडी तर नाही?"

त्यांनी दोन्ही हातांनी पगडी नीट बसवली, थोडं मागे होऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "आता सरळ. चला."

त्या दिवशी माझ्यात कुणी पगडी बघितली नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. म्हणून मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे होऊन गाडी चालवाल तेव्हा या म्हाताऱ्या आरशाचं एवढं ऐका. मला रोज पुसा आणि माझं तोंड मागच्या रस्त्याकडेच राहू द्या. मागून कुणी चिकटला तर त्याला जाऊ द्या, आणि पुढच्याच्या मागे असाल तेव्हा वनमालाबाईंचा तो सरळ केलेला हात आठवा. पगडी सरळ आहे का, ते सांगायला शेजारी कुणीतरी बसलेलं असावं. त्या माणसाने पुन्हा बसावं अशीच गाडी चालवा.