मोकळ्या हवेतले शून्य

मी एक जुना वायुमापक आहे, आणि मी बिघडलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्याविषयी तुम्ही जे ऐकाल त्यात पहिले वाक्य बहुधा 'ते यंत्र खराब होते' असे असेल.

मित्रांनो, जहाजे म्हातारी होतात हे तुम्हाला ठाऊक आहे का? समुद्रात पुष्कळ वर्षे राबल्यावर त्यांचे पोलाद गंजते, इंजिन थकते आणि मग त्यांना किनाऱ्यावर ओढून तोडतात. एका जहाजात एखाद्या वस्तीला पुरेल इतके लोखंड असते. ते वितळवून पुन्हा वापरले, तर तेवढे खनिज डोंगरातून खणावे लागत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्याच जहाजात जुने तेल, विषारी रंग, फुप्फुसात रुतणारे तंतू आणि बंद टाक्यांतली हवाही असते. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न लोखंडाचा भाव ठरवताना सहसा कोणी विचारत नाही.

माझा जन्म एका स्वच्छ, शांत कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायांनी माझ्यात दोन संवेदक बसवले. एक प्राणवायू किती कमी आहे ते सांगतो, दुसरा पेटणारी वाफ किती आहे ते. दोन्ही आकडे शून्य असले की हवा श्वास घेण्याजोगी समजायची. माझ्या पोटात एक छोटा पंप आहे आणि नाकाच्या जागी लांब रबरी नळी. काहीही वावगे आढळले की मी कर्कश ओरडतो. देखणेपणाचा विचार मला घडवताना झालेला नाही.

माझ्या घडणीतली एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. मला चालू केले की मी प्रथम नळीतून येणारी हवा हुंगतो, तीच शुद्ध मानतो आणि आकडे शून्यावर आणतो. पुढचे सारे मोजमाप त्या हवेशी ताडून होते. म्हणून मला नेहमी मोकळ्या हवेत चालू करायचे असते आणि नळी टाकीत नंतर सोडायची असते. नवी यंत्रे घाणेरड्या हवेला शुद्ध मानायला साफ नकार देतात. माझ्या पिढीला तेवढी अक्कल नव्हती. आम्हाला जे पहिल्यांदा दाखवले, ते आम्ही खरे मानले.

जहाज तोडणाऱ्या एका आवाराने मला विकत घेतले, तेव्हा तिथे सुधारणांची लगबग होती. वाळूवर जहाज कापणे बंद करून काँक्रीटची फरशी घातली होती. तेल समुद्रात जाऊ नये म्हणून गटारे बांधली होती. घातक तंतू काढण्यासाठी वेगळी खोली होती. टाकीत ताजी हवा भरणारा एक मोठा पंखाही आणला होता. पांढरी शिरस्त्राणे घातलेले पाहुणे आले, त्यांनी फरशी पाहिली, गटारे पाहिली, मला हातात घेऊन छायाचित्र काढले आणि आवाराला पर्यावरणस्नेही ठरवून निघून गेले. ते गेल्यावर पंख्यावर प्लास्टिक घालून तो कोठारात ठेवण्यात आला. पुढच्या पाहुण्यांपर्यंत तो स्वच्छ राहायला हवा होता.

माझा ताबा मिळाला तो हवा तपासणाऱ्या माणसाकडे. तो विज्ञान शिकलेला होता आणि कोणतीही गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे, म्हणून कामगार त्याला मास्तर म्हणत. मला वापरण्याचे रीतसर शिक्षण त्याने घेतले होते. आवारातली वीज बेभरवशाची, म्हणून तो मला संध्याकाळी घरी नेऊन चार्ज करत असे. त्याच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांशेजारी माझी जागा होती. घरात त्याची बायको होती आणि तिचा धाकटा भाऊ होता. तो त्याच आवारात गॅसच्या ज्योतीने पोलाद कापायचा. टाकीत उतरणाऱ्याने सतत आवाज करत राहावे, म्हणजे वरच्यांना तो शुद्धीवर असल्याचे कळते, असा तिथला नियम. इतर जण हातोडीने ठोके देत. हा गात असे. टाकीत आवाज घुमतो, त्यामुळे आपण फार सुरेल गातो असा त्याचा समज झाला होता. कामगारांनी त्याचे नाव गवई ठेवले.

सुरुवातीला मास्तर सगळे नियमाने करायचा. मोकळ्या डेकवर जायचा, मला चालू करायचा, मी स्थिरावेपर्यंत थांबायचा, मग टाकीकडे यायचा. जहाज तोडायचे काम घेतलेल्या ठेकेदाराला ते थांबणे सोसेना.

"मास्तर, हवा मोजताय की हवा खाताय? तिकडे क्रेन नुसती उभी आहे."

"साहेब, यंत्र स्थिर व्हायला वेळ लागतो."

"मग नळी आत सोडा आणि होऊ द्या की स्थिर. दोन्ही कामं एकदम उरकतील. एवढं शिकलात, एवढं सुचत नाही?"

मास्तरने मान हलवली. ती नकारार्थी होती की होकारार्थी, हे मला सांगता येणार नाही. ती होकारार्थी धरण्यात आली.

त्या दिवसापासून नळी आधी टाकीत जाऊ लागली आणि बटण नंतर दाबले जाऊ लागले. मी टाकीतली हवा हुंगायचो, तिलाच शुद्ध मानायचो आणि प्रामाणिकपणे शून्य दाखवायचो. आश्चर्य असे की माझी खरी वाहवा याच काळात झाली. "काय यंत्र आहे!" ठेकेदार म्हणायचा. "आल्यापासून एकदा बोंबललं नाही." बहुतेक टाक्या आधीच उघडून वाऱ्यावर पडलेल्या असत, म्हणून कोणाला काही झाले नाही. काही झाले नाही हाच मग पद्धत बरोबर असल्याचा पुरावा ठरला. मित्रांनो, पुराव्याची ही जात मोठी घातक असते. तिला प्रयोगशाळेत प्रवेश नाही, पण कामाच्या जागी तिचेच राज्य चालते.

मग ते धान्य वाहणारे जहाज आले. तेलवाहू नव्हते, म्हणून सगळे निर्धास्त होते. त्याच्या नाकाजवळ तोल सांभाळण्यासाठी पाणी भरायची एक खोल टाकी होती. ती रिकामी करून कधीच घट्ट बंद केलेली होती. बंद टाकीत ओलसर पोलाद गंजत राहते आणि गंजताना हवेतला प्राणवायू खाऊन टाकते. त्याला वास नसतो, धूर नसतो, रंग नसतो. आत फक्त हवेसारखे दिसणारे काहीतरी उरते.

झाकण उघडले. नळी आत सोडली गेली. मग बटण दाबले गेले.

"शून्य," मास्तर म्हणाला.

गवईने कमरेला दोर बांधला नव्हता. दोर होता, पण तो क्रेनच्या कामाला लावलेला होता. झाकणाच्या कडेला बसून तो म्हणाला, "दाजी, काल त्या शेजारच्या छोट्या टाकीत माझे पाय कापसासारखे झाले होते."

"उपाशी आला असशील."

"ताईनं दोनदा वाढलं होतं. विचारा तिला."

"मीटर तेव्हाही शून्यच दाखवत होता."

"तेच तर म्हणतोय. जो कधी कुरकुरतच नाही ना, त्याची मला भीती वाटते. आमची ताई बघा, दिवसभर कुरकुरते, म्हणून तुम्ही धडधाकट आहात."

मास्तर हसला, पण लगेच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग मोकळ्या डेकच्या दिशेने पाहिले. तो डेक दूर नव्हता. नळी वर ओढायची, तिथवर जायचे, मला बंद करून पुन्हा चालू करायचे आणि परत यायचे, एवढेच करायचे होते. त्याचा अंगठा माझ्या बटणावर आला. तेवढ्यात क्रेनवाला वरून ओरडला, "मास्तर, आटपा की! का मुहूर्त काढताय?" अंगठा उचलला गेला.

"जा," मास्तर म्हणाला. "वरच्या वर बघून ये. गात राहा."

गवई शिडीने उतरू लागला. त्याचे गाणे टाकीत घुमत होते, नेहमीसारखेच बेसूर. ते एका शब्दाच्या मध्यावर थांबले. मग काहीतरी जड पडल्याचा आवाज आला.

"ए! गा ना! का थांबलास?" मास्तर आत वाकून ओरडला. मग तो शिडीकडे झेपावला. क्रेनवाला कसा कोण जाणे तोवर खाली पोचला होता. त्याने मागून मास्तरची कॉलर धरली. "तुम्हीही जाल, मास्तर! पंखा आणा आधी, पंखा!" कोठाराची किल्ली शोधावी लागली. प्लास्टिक फाडावे लागले. पंखा उत्तम चालला. तो एकदाही वापरलेला नव्हता. आत उतरता येईल इतकी हवा झाली, तेव्हा ज्याच्यासाठी ती हवी होती, त्याला तिचा काही उपयोग उरला नव्हता.

चौकशी सुरू झाली. मला प्रयोगशाळेत पाठवले. तिथे मला मोकळ्या हवेत चालू केले, ठाऊक असलेल्या मिश्रणांसमोर धरले, आणि मी प्रत्येक वेळी अचूक ओरडलो. यंत्र निर्दोष ठरले आणि आवारात परत आले. मग ठेकेदाराने नवी गोष्ट रचली: तपासणी व्हायच्या आधीच गवई परवानगीशिवाय टाकीत उतरला.

"मास्तर, तुम्ही फक्त गप्प राहा," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुमच्या मेहुण्याला आता काय फरक पडतोय?"

मास्तर गप्प राहिला. संध्याकाळी सवयीने त्याने मला घरी नेले आणि फळीवर ठेवले. त्याच्या बायकोने मला खाली घेतले आणि त्याच्यासमोर ठेवले.

"चालू करा."

"कशाला आता?"

"चालू करा म्हणते ना."

खिडकी उघडी होती. मी हवा हुंगली आणि शून्य दाखवले.

"इथे शून्य," ती म्हणाली. "आणि तो पडला तिथे?"

"तिथेही शून्यच होतं."

"माझ्या ओट्यापाशी शून्य आणि तिथेही शून्य. मग अहो, हे मेलं मोजतं तरी काय?"

आयुष्यभर सगळ्यांना सगळे समजावणाऱ्या त्या माणसाने हेही समजावले. तो म्हणाला, "तराजूच्या एका पारड्यात आधीच दगड ठेवायचा आणि काटा मध्यावर आणायचा. मग वजन करायचं. तसं झालं."

"दगड कोणी ठेवला?"

त्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिले.

"त्या दिवशी तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून ठाऊक होतं."

तिने मला उचलून परत फळीवर ठेवले. मग म्हणाली, "ते म्हणतात तो न विचारता उतरला. माझा भाऊ तुम्हाला विचारल्याशिवाय पाणी पीत नव्हता. हे तरी सांगा त्यांना."

"नोकरी जाईल."

"माझा भाऊ गेलाय."

दुसऱ्या दिवशी मास्तरने चौकशी अधिकाऱ्यासमोर सगळे सांगितले: नळी आधी, बटण नंतर, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या हाताने. 'परवानगीशिवाय उतरला' हे वाक्य खोडले गेले. गवईच्या बहिणीला जे मिळाले ते एवढेच. ठेकेदाराने आपण असे काही बोललो नसल्याचे सांगितले. कबुली एकाचीच होती, त्यामुळे दोषही एकाचाच ठरला. मास्तरला काढून टाकले. आवार काही काळ बंद राहिले आणि पुन्हा सुरू झाले. फाटकाशी सुरक्षिततेचा एक मोठा फलक लागला. पंख्यावर नवे प्लास्टिक आले.

मी आता नव्या तपासनिसाच्या हातात आहे. तोही शिकलेला आहे आणि भला आहे. माझी बॅटरी पूर्वीइतकी टिकत नाही, माझ्या काचेवर चरा आहे, पण संवेदक शाबूत आहेत. काम कसे करायचे हे त्याला नियमांच्या पुस्तकापेक्षा आवारातल्या जुन्या माणसांनी अधिक लवकर शिकवले.

मित्रांनो, आजही एका जहाजाचे झाकण उघडले आहे. शिडीपाशी एक माणूस बाही सरसावून उभा आहे. त्याचे नाव मला माहीत नाही. तपासनिसाने नळी आत सोडली आहे आणि मला अजून चालू केलेले नाही. मी ओरडणारे यंत्र आहे, पण बंद असताना मला ओरडता येत नाही. म्हणून हे तुम्हाला सांगतो आहे. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारखे यंत्र हातात धरेल. घाई असेल, वरून कोणीतरी ओरडत असेल, आणि कालपर्यंत कोणाला काही झालेले नसेल. तेव्हा नळी वर ओढा. मोकळ्या हवेत जा. मला तिथे जागे करा. त्यानंतर मी शून्य दाखवले, तरच त्यावर विश्वास ठेवा.

त्याचा अंगठा बटणावर आला आहे. नळी अजून आतच आहे.