पंचायतीचं दार

"भाऊजी, हे नासलेलं दूध ओढ्यात ओतू का तुमच्या डोक्यावर?"

दूधवाल्या काकूनं दोन्ही कॅन दिराच्या ओट्यावर आदळले. पुरानं ओढ्यावरच्या साकवाच्या फळ्या नेल्या होत्या. दगडी खांब तेवढे उभे. दुधाची गाडी पलीकडं, काकू अलीकडं, मधे गाळ.

दीर परवापर्यंत गावचा सरपंच होता. आता आसपासच्या गावांच्या पंचायती मोडून एकच विभाग परिषद केली होती, आणि हा तिथं गोचिडासारखा चिकटला होता.

"वहिनी, साकव आता गावाच्या हातात नाही. राजधानीनं सगळे अधिकार खाली विभागाला दिलेत. सत्ता लोकांजवळ आली!"

"वरचं खाली आलं, गावचं वर गेलं, आणि आम्ही मधल्यामधे चिखलात!"

"ठराव व्हावा लागतो. आधी समिती, मग उपसमिती..."

"पूर्वी खात होतात, पण साकव बांधून खात होतात. आता नुसतंच जेवण!"

आतून जाऊबाईंचा खुदकन हसल्याचा आवाज आला.

काकू तणतणत निघाली. नवऱ्यामागं चार गायींवर तिनं लेक शिकवली होती. रडत बसणं तिला जमत नसे. पंचायतीच्या ओस खोलीपाशी ती थबकली. आत घुशींचं राज्य, पण दार सागवानी, जाडजूड.

"लोहारदादा, पहार आणा!"

दार निखळलं. त्याच्या दोन्ही फळ्या साकवाच्या खांबांवर पडल्या. गाव जाऊ-येऊ लागलं.

मग विभागाचा साहेब आला. जीप पलीकडं लावून, फळ्यांवरून दिरासोबत चालत थेट काकूच्या गोठ्यात.

"बाई, सरकारी दार चोरलंत. जप्त करावं लागेल."

"करा की. एका टोकाला तुम्ही धरा, दुसऱ्याला आमचे भाऊजी."

साहेब तावातावानं ओढ्याकडं गेला, बाह्या सारून वाकला. सगळं गाव काठावर गोळा झालं होतं. फळी हातभर उचलली तेव्हा कुठं त्याची नजर पलीकडच्या जीपवर गेली.

फळी हळूच खाली बसली.

"वर... वर कळवतो," म्हणत साहेब तिच्यावरूनच जपून पाय टाकत परतला. तेव्हा लोक पोट धरधरून हसले.

दीरही मागोमाग सटकू लागला. काकूनं भरलेला कॅन त्याच्या हातात कोंबला.

"तिकडंच निघालात, तर हा गाडीवर पोचवा. कुणाच्या तरी उपयोगी पडा!"

सगळ्या गावादेखत त्यानं मुकाट्यानं कॅन उचलला.