टेकाडावरच्या वेलींची वाइन

स्पेनमधल्या एब्रो नदीकाठच्या गावांत व्यवहाराचं शहाणपण पोरांना लवकर मिळतं: वाइन घेताना सफरचंद खा, विकताना चीज खाऊ घाल. आंबट फोडीनंतर वाइनचा एकूण एक दोष जिभेवर उघडा पडतो. मेंढीच्या दुधाचं मुरलेलं चीज मात्र तोंडात असं लेपून बसतं की भलतीसलती वाइनही गोड लागावी.

म्हणून वाल्वानेराने टेबलावर सफरचंदं मांडली, तेव्हा सासूबाई फेलिसांनी कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकाच्या हाती सुरी देऊन आपणच मान पुढे करायची, हे त्यांनी चाळीस तोडण्यांत पाहिलं नव्हतं.

गिऱ्हाईक म्हणजे एलादिओ, जवळच्या हारो शहरातला खाणावळवाला. टेकाडावरच्या तुकड्यातली द्राक्षं गेल्या तोडणीला पहिल्यांदाच वाल्वानेराने वेगळी ठेवली होती. पोटुशी असताना ती आंबवली, ओकच्या लाकडाच्या दोन पिंपांत मुरवली. फेलिसाबाईंची अट स्पष्ट होती: दोन्ही पिंपं खपली तर ठीक, नाहीतर येत्या तोडणीपासून तो तुकडाही सोसायटीला. तिथे अख्ख्या गावाची द्राक्षं एकाच हौदात पडतात.

तेवढ्यात वर तान्ही वेगा रडली. तळघरातली आंबवणीची जीव गुदमरवणारी हवा पाळण्यापर्यंत चढेल, ही धास्ती वाल्वानेराने अजून सोडली नव्हती. यंदाची द्राक्षं अजून वेलींवरच आहेत हे ठाऊक असूनही ती धावली, खिडकी उघडी असल्याची खात्री केली, पोरीला खांद्यावर घेऊन खाली आली.

एलादिओ येऊन बसला होता आणि खुशीत होता. काळ्या आलुबुखारासारखी चव आहे, मागून लाकडाचा मंद वास येतोय, घशाखाली तर रेशमासारखी उतरतेय, असं तो फेलिसाबाईंना सांगत होता. दोन्ही पिंपं आजच ठरवून टाकू म्हणाला.

त्याच्यासमोरच्या बशीत चीज होतं, अर्धं संपलेलं. सफरचंदं फडताळावर गेली होती.

फेलिसाबाईंनी सुनेकडे नुसतं पाहिलं. गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. पण ही वाइन हारोला गल्ल्यापाशी उभ्या माणसांच्या रिकाम्या तोंडात जाणार, आणि पुढच्या वर्षी एलादिओ या दाराकडे फिरकणार नाही, हेही वाल्वानेराला तितकंच दिसत होतं.

"ते रेशीम चीजचं आहे, वाइनचं नाही," ती म्हणाली. "चूळ भरा आणि ही फोड खाऊन बघा."

"पोरी, तुला विकायचीय ना?" एलादिओ हसला. वाट तुडवून भूक लागली होती, समोर आलं ते खाल्लं, असं पुटपुटत त्याने फोड चावली, घोट घेतला. त्याचे गाल आत ओढले गेले.

"तुरट आहे. हिरड्या आवळतात."

"तरुण आहे अजून. तिला चरबी लागते."

तिने वेगाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि अंगणात छाटणीच्या वाळक्या काड्या पेटवल्या. निखारे झाल्यावर कोकराच्या बरगड्या टाकल्या, नुसतं मीठ लावून. एलादिओ उभ्यानेच खात राहिला, चावल्या घासावर वाइन पीत राहिला. दुसरी बरगडी, तिसरी बरगडी.

मग बोटं पुसत म्हणाला, कोकरू भाजतो त्या रविवारांसाठी एक पिंप नेतो. दुसऱ्यातली वाइन आणखी वर्षभर लाकडात राहू दे. मुरल्यावर बोलव, पण माझ्याआधी कुणाला चाखवू नकोस.

तो गेल्यावर फेलिसाबाई म्हणाल्या, "दोन जात होती. एक घालवलंस. अट माहीत आहे ना?"

"माहीत आहे, आई. पण टेकाडावरची द्राक्षं सोसायटीत जाणार नाहीत."

"कोण म्हणतं?"

"मी. सोसायटीची गाडी दारात आली तरी एक घड देणार नाही."

फेलिसाबाईंनी सुनेचा हट्ट आजवर पाहिला होता तो पोरीच्या टोप्या-मोज्यांपुरता. त्यांनी राखेतली शेवटची बरगडी उचलली, तिच्यावर एक घोट घेतला, पुन्हा एक घेतला.

"आणि तोडणीच्या वेळी हिला कोण सांभाळणार?"

"पाठीला बांधीन."

"पाठीला बांधून वेलीखाली वाकता येतं होय?" त्यांनी वेगाला आणखी जवळ ओढलं. "त्या टेकाडाच्या खालच्या अंगाला सावली आहे. तिथे बसेन मी हिला घेऊन."