दोन आया, एक रकाना

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, शाळेच्या फाटकाशी बसची वाट बघत असताना, मोरीना लान्वीच्या फोनवर हॉलवेल कॉलेजचा निरोप आला. तुमच्या अर्जात आई म्हणून तामार यांचं नाव आहे. तामार यांच्या टॅक्सच्या कागदांत मात्र तुम्ही त्यांची भाची आहात. जन्मदाखल्यावर आईचं नाव एम्लैन आहे. खुलासा आणि संबंधितांच्या सह्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवाव्यात. न आल्यास तुमचं नाव जुळणीत धरता येणार नाही.

तिने तो दोनदा वाचला. बस आली आणि गेली. ती उभीच होती.

जुळणी म्हणजे गरीब घरच्या पोरांसाठीची लवकरची निवड. पोरांनी आवडीच्या क्रमाने कॉलेजांची नावं लावायची, कॉलेजांनी पोरं निवडायची, आणि एक डिसेंबरला जुळली तर चार वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण, सगळं कॉलेजच्या डोक्यावर. पण जुळलं की बांधलं. मग दुसरीकडे जाता येत नाही. मोरीनाने हॉलवेल पहिलं लावलं होतं. तिथे समुद्रविज्ञान शिकवतात. पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवरून अमेरिकेत आलेल्यांच्या स्प्रिंगडेलच्या मार्शली वस्तीतून अंतिम यादीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. चर्चमध्ये तिच्यासाठी सलग तीन रविवार प्रार्थना झाली होती, आणि आता तेच तिला जड वाटायला लागलं होतं.

अर्ज भरताना आईच्या रकान्यात तिने तामार लिहिलं ते विचार न करता. आपण खोटं लिहितोय हे तिच्या मनाला शिवलंही नाही. एम्लैनला चौथी मुलगी झाली तेव्हा तिची थोरली बहीण तामार हिला मूल नव्हतं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या जेवणात तामारने हात पुढे केला आणि एम्लैनने बाळ त्या हातांत दिलं. कोर्ट नाही, कागद नाही. मार्शल बेटांच्या राजधानीत, माजुरोत, असंच होतं. दोन वर्षांची मोरीना तामारच्या कडेवर बसून अर्कान्सात आली. तिच्या वर्गातल्या मार्शली पोरांपैकी निम्म्यांच्या घरी हीच गोष्ट, फक्त नावं वेगळी. टॅक्सवाल्याने मात्र तामारला विचारलं होतं, पोरगी कोणाची? तामार म्हणाली, बहिणीची. त्याने लिहिलं, भाची. दोघंही खरं बोलले होते.

बुधवारी सकाळी ती मिसेस प्रूइटकडे गेली. कॉलेजप्रवेशाचं सगळं शाळेत त्याच बघायच्या.

“हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही, मॅडम.”

मिसेस प्रूइटनी चष्मा कपाळावर सरकवला. संगणकाच्या पडद्यावर त्या बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. मग खुर्ची तिच्याकडे वळवली.

“नीट ऐक. ताबा कोर्टातून घ्यायला निदान दोन महिने लागतील, तो रस्ता बंद. दुसरा रस्ता सोपा आहे. जन्मदात्या आईशी संपर्क नाही, तिचा ठावठिकाणा माहीत नाही, असं लिहायचं. मी त्याखाली सही करते. मग कॉलेज तिचं काहीच मागत नाही. वडील तर नाहीतच तुला.”

“पण ती दर रविवारी फोन करते.”

“मला ते ऐकू आलं नाही,” मिसेस प्रूइट शांतपणे म्हणाल्या. “तिसरा रस्ता म्हणजे सगळं खरं सांगायचं. तुमची रीत मी पत्रात समजावते. पण मग त्यांना तिचाही सहीचा कागद लागणार, तिच्या कमाईसकट. शुक्रवारच्या आत. ती कुठे असते?”

“माजुरोला.”

“तिथे प्रिंटर असतात ना?”

“असतात,” मोरीना म्हणाली. एम्लैन आई या आठवड्यात माजुरोला नव्हती, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

तामार संध्याकाळी कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यातून आली. दिवसभर हाडं काढायच्या लाईनवर उभी राहून आली की ती आधी मनगटं गरम पाण्यात बुडवून बसायची. मोरीनाने तिच्यासमोर भाताचं ताट ठेवलं आणि निरोप वाचून दाखवला. मिसेस प्रूइटचे दोन्ही रस्तेही सांगितले.

जोल्डन दारात उभा राहून ऐकत होता. तो तामारच्या नवऱ्याचा पुतण्या, पण याच घरात वाढलेला. मोरीना त्याला भाऊच म्हणते.

“लोकांना एक आई सांभाळताना नाकी नऊ येतात,” तो म्हणाला. “हिला दोन आहेत, आणि कॉलेजला तरी हिशेब लागेना.”

“तू गप बस आणि मासळीचा डबा उघड,” तामार म्हणाली.

“उघडतो. पण मी काय म्हणतो, सोपा रस्ता आहे तर घे ना. कोण बघायला येतंय माजुरोला?”

“चर्चमध्ये बसणारी अर्धी माणसं माजुरोची आहेत,” मोरीना म्हणाली. “मी इथे लिहिलं की तिकडे जेवणाच्या आत कळेल.”

“कळलं तर कळलं. एम्लैन आई काय रागावणार? तीच म्हणेल, लिही बाई, मेले म्हणून लिही.”

तामारने पाण्यातून हात काढले. पुसले नाहीत.

“म्हणेलच ती,” ती म्हणाली. “म्हणूनच नाही लिहायचं.”

जोल्डनने डबा उघडून टेबलावर ठेवला आणि तो बाहेर गेला.

“आई, त्या कागदावर तुझ्या नावापुढे नातं लिहायचं आहे,” मोरीना म्हणाली. हे सांगायचं ती दुपारपासून टाळत होती. “खरं सांगायचं तर तिथे मावशी लिहावं लागेल.”

“लिहीन.”

“तुला चालेल?”

“मला चालायचं काय त्यात? मला मावशी लिहिल्याने तुझं जेवण कोणी केलं ते बदलतं का? पण माझ्या बहिणीला हरवलेली लिहिशील तर मी सही करणार नाही. मग तू हवं तर मलाही हरवलेली लिही.”

माय मरो, मावशी जगो असं आपल्याकडे म्हणतात. तामारला ते कोणी सांगितलं असतं तर ती ताटावरून उठली असती.

रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी एम्लैनला फोन लावला; तिकडे दुसऱ्या दिवसाची दुपार. फोन तिच्या मुलीने उचलला. आई आर्नोला गेली आहे, चुलत्याच्या मयताला. आर्नो म्हणजे माजुरोसमोरचं बेट. तिथे फोनवर आवाज कसाबसा पोचतो, फोटो जात नाही. आणि प्रिंटर तर नाहीच.

आर्नोचा फोन चौथ्या खेपेला लागला. वारा आणि माणसं यांच्या मधून एम्लैनचा आवाज आला.

“मोरीना? जेवलीस?”

“जेवले, आई. ऐक.” तिने सगळं सांगितलं.

“मग लिही की, मी नाही म्हणून,” एम्लैन म्हणाली. “एवढंच ना?”

तामारने फोन हातातून घेतला. “एम्लैन, मूर्खासारखं बोलू नकोस. बोट कधी आहे?”

“शनिवारी सकाळी. त्याआधी नाही. लाटा मोठ्या आहेत, आणि मयत टाकून कसं निघू?”

मोरीनाने मनात हिशेब केला. माजुरोची शनिवार सकाळ म्हणजे इथली शुक्रवार दुपार. बोट वेळेवर निघाली, वेळेवर पोचली आणि दुकान उघडं मिळालं तर हाताशी एखादा तास.

“शनिवारी पहिल्या बोटीने ये,” तामार म्हणाली. “धक्क्यावरून घरी जाऊ नकोस. सरळ दुकानात.”

गुरुवारी मिसेस प्रूइटनी पत्र लिहिलं. सोपा रस्ता सोडल्याबद्दल त्या फक्त एकदा म्हणाल्या, “तुला कळतंय ना तू काय पणाला लावते आहेस?” मोरीनाने मान हलवली. त्या दिवशी तिने गणिताची चाचणी अर्धी कोरी दिली.

गुरुवारी संध्याकाळी तामारने सही केली. नात्याच्या रकान्यात तिने “मावशी” लिहिलं, पेन इतकं दाबून की अक्षरं मागच्या बाजूला उमटली. लिहून झाल्यावर तिने कागद उलटा ठेवला आणि भांडी घासायला उठली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मोरीना मिसेस प्रूइटच्या खोलीतच बसली. तामारचा कागद, पत्र, जन्मदाखला हे सगळं चढवून झालं होतं. कॉलेजच्या वेबसाइटच्या पानावर तिच्या नावापुढे लाल अक्षरांत “अपूर्ण” होतं. मिसेस प्रूइटनी हॉलवेलला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा यंत्राने निरोप घ्यायची तयारी दाखवली.

साडेतीनच्या सुमारास माजुरोच्या बहिणीचा संदेश आला: बोट आली. आई उतरली, ओली चिंब आहे. मग बराच वेळ काही नाही. मग: दुकान दहाला उघडतं. बाहेर उभ्या आहोत.

“दहा म्हणजे आपल्याकडे किती?” मिसेस प्रूइटनी विचारलं.

“आता. चार.”

“मग उघडलं असेल.”

साडेचारला संदेश आला: उघडलं, पण दुकानदार म्हणतो शाई बदलायची आहे. मोरीनाने तो मोठ्याने वाचला नाही. मिसेस प्रूइटनी तिचा चेहरा बघितला. बाहेर सफाईवाला व्हरांड्यातले दिवे मालवत चालला होता, त्या उठून त्याला म्हणाल्या, “हा एक राहू दे, हर्ब.”

पाच वाजले. पानावर काहीच बदललं नाही. ते बंदही झालं नाही.

पाच वाजून बारा मिनिटांनी फोटो आला. कागद ओल्या हातांनी धरलेला, एक कोपरा ओघळलेला. सही एम्लैनची. नात्याच्या रकान्यात “आई”. कमाईच्या रकान्यात तिने आकड्याऐवजी लिहिलं होतं: शाळेच्या खानावळीत, मुलं असतात तेव्हा.

“आकडा हवा होता,” मिसेस प्रूइट हळू म्हणाल्या.

“परत मागू?”

“नको. चढव.”

मोरीनाने फोटो चढवला. पानाने तो घेतला, वेळ नोंदवली.

शनिवारी दिवसभर तिने पान उघडून उघडून बघितलं. तामार जादा पाळीला गेली होती, जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला, “काही?” मोरीना म्हणाली, नाही. माजुरोहून एम्लैननेही तेच विचारलं, आणि तिलाही तेच उत्तर मिळालं.

रविवारी प्रार्थनेनंतरही नावापुढे “अपूर्ण” होतं. हॉलवेलचं कार्यालय सोमवारी सकाळी नऊला उघडतं.