बारीक ओळ

टुंग.

दुपारच्या शांततेत मधल्या खोलीतला कॉम्प्युटर वाजला आणि पौर्णिमाच्या मांडीवरची शेंगांची परात कलंडली. शेंगा तशाच टाकून ती आत धावली. मेल आला होता. पण तो ठिबकच्या कंपनीचा होता. नळ्यांची नवी यादी. तिनं ओढणीला हात पुसले, यादी उगीच वरपासून खालपर्यंत पाहिली आणि परत शेंगांकडे आली. चार शेंगा फोडल्या. पुन्हा उठली. गॅसवर दूध ठेवलंय असं तिला वाटलं होतं. ते ठेवलेलंच नव्हतं.

ओट्यावर बसलेल्या मालनबाई सुनेची ही ये-जा सकाळपासून बघत होत्या. "काय गं पोरी, सारखी आत-भाईर? मांजर पिल्लांना जागा हुडकतंय तशी करायलीस."

पौर्णिमा नुसती हसली. सांगण्यासारखं काही असतं तर सांगितलं असतं.

अंबाजोगाईच्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिकेची जागा निघाली होती. बीडला दोन वर्षं तिनं हेच काम केलं होतं. शीलू पोटात राहिली तेव्हा सुटलेलं ते सुटलंच. महिन्यापूर्वी तिनं फॉर्म भरला. मुलाखतीची तारीख मेलवरच कळवू, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. नर्सिंगच्या वेळचा तिचा स्वतःचा मेल जुन्या सिमकार्डाबरोबर गेला होता, म्हणून तिनं पत्ता घरचा दिला. तेलगावच्या या घराला उंबरा जसा एकच, तसा मेलचा पत्ताही एकच. नवऱ्याच्या, सौरभच्या, ठिबकच्या एजन्सीच्या पाटीवर तोच, गॅसच्या पुस्तकावर तोच, शीलूच्या शाळेच्या फॉर्मवरही तोच.

या मेलवरून नवरा-बायकोत एकदा चांगली जुंपली होती. सौरभनं कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्राम बसवून घेतलेला. सकाळी बटण दाबलं की सगळं टपाल घरात उतरतं, मग नेट असो नसो. पौर्णिमाचं म्हणणं, प्रोग्राम कशाला, सरळ वेबमेल उघडावं. मोबाईलवर दिसतं, कुठूनही दिसतं. सौरभ म्हणाला होता, "आपलं धान्य आपल्या कणगीत बरं. रस्ता खोदताना वायर तुटली की तुझं वेबमेल बसतंय गप. हितं उतरलं की आपलं."

"पण घराबाहेर असल्यावर?"

"घराबाहेर आसतीस कवा तू?" तो हसून म्हणाला होता, आणि तीही हसली होती. वाद तिथंच संपला. प्रोग्राम राहिला. तिच्या समाधानासाठी सौरभनं मोबाईलवर वेबमेल कसं उघडायचं तेवढं दाखवून ठेवलं.

मग ती खरंच घराबाहेर गेली. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून शीलूला घेऊन आठ दिवस धारूरला. आईच्या डोळ्यांत थेंब टाकायचे आणि गच्चीवर रेंज धरायला पळायचं, हाच तिचा दिवस. मोबाईलवर वेबमेल उघडायचं. रोज रिकामं. नव्यातलं सोडा, जुनंही काही नाही. तिला ते विचित्र वाटायचं, पण रेंजच्या नावानं खडे फोडून ती खाली यायची. सौरभला फोनवर विचारलं होतं, काही आलंय का. तो म्हणाला, आलं की सांगतो ना.

परत येऊन आज तिसरा दिवस. अंबाजोगाईला मुलाखती झाल्या की व्हायच्यात, तेही कळेना. शेवटी तिनं परमेश्वरला फोन लावला. हा तिचा धाकटा भाऊ, माजलगावला कॉम्प्युटरचे क्लास घेतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, सर्व्हरवर प्रत ठेवा, अशी टिक हाय का तिथं?"

तिनं सेटिंग उघडलं. चौकोन होता. रिकामा.

"मग दिसंलच कसं? पोस्टमननं फाटकावरच्या पेटीत पत्र टाकलं, घरातल्यानं ते काढून आत नेलं, आन् तू आठ दिवस पेटीत हात घालायलीस. रिकामीच आसनार की. आता घरात हुडक."

तिनं शोधायच्या जागी 'अंबाजोगाई' लिहिलं. एकच ओळ वर आली.

मेल बारा तारखेचा होता. मुलाखत सोळाला, सकाळी अकरा वाजता, मूळ प्रमाणपत्रांसह. आज एकवीस.

तिनं तारीख तीनदा वाचली. मग तिचं लक्ष गेलं, मेल जिथं आधी उतरतात त्या पहिल्या यादीत हा नव्हताच. सौरभ टापटिपीचा माणूस. त्याचे कप्पे ठरलेले होते: दर, कोटेशन, तक्रारी, किरकोळ. मेल 'किरकोळ'मध्ये होता. माऊस ओढून तिथं नेऊन टाकल्याशिवाय मेल आपण होऊन कप्प्यात जात नाही, हे तिला सौरभनंच शिकवलं होतं.

घाईत नीट वाचलं नसेल, ती स्वतःला सांगू लागली. जाहिरात वाटली असेल. शेतं मोजून दमून आलेला माणूस. पण बारा तारीख तिच्या डोक्यातून हलेना. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. एरवी दोन वाक्यांत ठेवणारा माणूस अर्धा तास बोलत होता. शीलू जेवली का, तुझ्या आईचा डोळा कसाय. आणि शेवटी हळूच, "लवकर ये गं. तू न्हाईस तर घर खायला उठतंय." त्या शब्दांवर ती चार दिवस तरंगत होती.

आता त्या शब्दांचं काय करावं, हे तिला सुचेना. तिनं त्या रिकाम्या चौकोनात टिक लावली. माऊसचा तेवढा बारीक आवाज झाला.

पाचला शीलू शाळेतून आली आणि दप्तरासकट आईच्या मांडीवर चढली. मागोमाग गाडी थांबली. सौरभ आला, पाय धुतले, टॉवेल घेऊन मधल्या खोलीच्या दारात उभा राहिला. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून त्यानं विचारलं, काय चाललंय.

"टिक लावली, सर्व्हरवर प्रत ठेवायची," ती म्हणाली. "आता मोबाईलवरबी दिसंल."

"कशाला? उगं जागा खाते तिथं."

"खाऊ द्या. मला आता भाईर जावं लागंल, अर्ज घेऊन. पुढच्या टायमाला पत्र मलाच दिसू द्या."

तो टॉवेलनं तोंड पुसू लागला. पुसून झालं तरी पुसत राहिला. ओट्यावरून मालनबाईंनी चहा टाकला का म्हणून हाक दिली.

शीलू पडद्यावर बोट फिरवत होती. पहिलीतल्या पोरीला अजून जोडाक्षरं येत नाहीत, पण आईचं नाव ती बघून ओळखायची, आणि मेलच्या यादीचा खेळ आईनं तिला शिकवला होता. न वाचलेली ओळ जाड, वाचली की बारीक. घरात असली की जाड ओळी मोजायचं काम तिचं. 'किरकोळ'मधल्या त्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"आई, हे तुझं नाव हाय ना? पौ... पौर्णिमा."

"हो."

"तुझं पत्र. तू कवा वाचलंस?"

"आज. आत्ता दुपारी."

"आन् त्याच्या आधी जाड व्हती ही?"

पौर्णिमानं तिच्या केसांतली सुटलेली रिबीन हातात घेतली आणि बांधू लागली. गाठ बसेना. दारातला टॉवेल हलायचा थांबला होता.

"न्हाई," ती म्हणाली. "आधीपासून बारीकच व्हती."

शीलूनं मान वळवली, आधी दाराकडे, मग आईकडे.

"मग आधी कुणी वाचली?"