गिनीपिगचं दावं

कोंडीबांनी उभ्या जन्मात जनावर ओळखलं ते दातांवरून आणि शेपटीवरून. वैरागच्या बाजारात बैलांची दलाली करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते. बैलाच्या तोंडात एकदा नजर टाकली की बैलाचं वय, त्याची खोड आणि विकणाऱ्याची अब्रू, सगळं त्यांना एका दमात कळायचं. तेच कोंडीबा आता सोलापुरात, भवानी पेठेतल्या लेकाच्या दोन खोल्यांत, एका पुठ्ठ्याच्या खोक्यापुढं उकिडवे बसले होते आणि त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. खोक्यातल्या जनावराला शेपूटच नव्हतं.

“इंद्रजीत, हे काय रं आणलंस?”

“गिनीपिग, आबा. संस्कृतीला खेळायला. आपल्या एजाजच्या दुकानातनं आणलंय.”

“पिग म्हंजी डुक्कर की.”

“डुक्कर न्हाय ओ. उंदराच्या भावकीतलं हाय म्हणं.”

“उंदीर? लोक उंदरासाठी पिंजरा लावत्यात, आन् तू पिंजऱ्यासकट इकत आणलास?”

“उंदीर बी न्हाय. गवत खातंय, सशावानी.”

डुक्कर नाही, उंदीर नाही, ससाही नाही. मग आहे काय, हे इंद्रजीतला सांगता येईना आणि त्याला वेळही नव्हता. तो टॉवेलच्या कारखान्यात मुकादम. खालच्या मजल्यावर घरमालकाच्या यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला की त्यानं घर सोडायचं, हे रोजचं. त्याच्या पाठोपाठ सून शिवलीला गणवेश शिवायच्या कामावर निघाली. जाताना ती दारात थबकली, तिनं आत कपाटाकडं पाहिलं, काहीतरी तिच्या ओठांवर आलं आणि ती तशीच जिना उतरली.

कपाटाच्या आडोशाला, भिंतीला पाठ लावून, संस्कृती बसली होती. एवढा खटाटोप हिच्यासाठीच चालला होता.

संस्कृती शिवलीलाची आठ वर्षांची मुलगी, पहिल्या लग्नातली. तिचा बाप ती रांगत असतानाच गेला, आणि ती वाढली अक्कलकोटला, आजोबांच्या घरी. आजोबा गुरुसिद्धप्पा. त्यांचाही गोठा, त्यांचीही जनावरं, त्यामुळे सोयरीक जमल्यावर दोघा म्हाताऱ्यांचं पहिल्याच बैठकीत मैत्र जुळलं. इंद्रजीतची पहिली बायको सोडून गेली होती, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत या घरात बापलेकांनी एकमेकांच्या हातच्या जाड भाकरी खाल्ल्या आणि भाकरी कशी झाली हे एकमेकांना कधी विचारलं नाही. शिवलीला आली, दिवा लागला. मुलीची परीक्षा झाली की तिलाही आणायचं ठरलं.

गुरुसिद्धप्पा स्वतः तिला सोडायला आले आणि जाताना स्पष्ट बोलून गेले, “पाव्हणं, पोरगी रुळली तर हितल्या शाळेत घाला. न्हाय रुळली तर मी रविवारी येतो, परत न्हेतो. लेकराला कोंडून ठेवायचं न्हाय.” बोलणं रास्त होतं. पण मुलगी गेली की तिची आई चार दिवस तिकडं राहायला जाणार, आणि असले चार दिवस कसे लांबत जातात हे कोंडीबांनी या घरात एकदा पाहिलं होतं. त्यांना भीती वाटत होती. साधी, सरळ भीती. घर पुन्हा ओसाड होईल ही.

म्हणून त्यांनी मुलीच्या बाबतीत कसलीच कसर ठेवली नव्हती. नवे कपडे, नवं दप्तर, मोरांची नवीकोरी चादर. गुरुसिद्धप्पांनी तिच्यासोबत एक जुनी कौदी आणली होती, लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली, विटकी, एका कडेला उसवलेली. कोंडीबांनी ती दारातूनच परत दिली. “आमच्याकडं हातरूण-पांघरूण भरपूर हाय, पाव्हणं. जुनं कशाला?” त्यात कंजूषपणा नव्हता की तोराही नव्हता, बाजारातली रीत होती. नवं जनावर दारात आलं तर विकणारा आपलं दावं सोडून परत नेतो, घेणारा स्वतःचं नवं दावं बांधतो. जुनं दावं सोबत आलं तर जनावर मागच्या दारी ओढ घेतं, आणि विकणाऱ्याच्या गोठ्यातली बरकतही जाते. गुरुसिद्धप्पांनाही हे ठाऊक होतं. त्यांनी कौदी काखेत मारली आणि जिना उतरले. शिवलीला नवी सून, ती बोलणार कशी?

तेव्हापासून संस्कृती कपाटाच्या आडोशाला होती. विचारलं तर “हं” म्हणायची. दोन घास खायची. मोरांच्या चादरीची घडी तिनं एकदाही मोडली नव्हती. कोंडीबांना याचा काही उलगडा होईना.

पण समोरचं प्रकरण निदान जनावराचं होतं, तिथं आपलं चालेल असं त्यांना वाटलं.

त्यांनी सगळं रीतसर केलं. इंद्रजीतनं आणलेला नवा पिंजरा दारात ठेवला. गिनीपिगला दोन्ही हातांत धरून उंबऱ्यावर आणलं, त्याच्या पायांवर पाणी घातलं. पाय शोधावे लागले, ते पोटाखाली होते. हळदकुंकू लावायला कपाळ सापडेना, तेव्हा दोन कानांच्या मधे अंदाजानं बोट टेकवलं. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग त्याला पिंजऱ्यात सोडलं, आणि एजाजच्या दुकानातून आलेलं खोकं आतल्या चिंधीसकट खाली घंटागाडीत टाकून आले. चिंधी म्हणजे जुन्या टॉवेलचा मळका तुकडा, वासही येत होता. गेली पीडा. पिंजऱ्याला त्यांनी खास नवी सुतळी बांधली. एवढंसं जनावर सुतळीनं बांधून काय उपयोग, असं त्यांच्या मनात आलं, पण रीत ती रीत.

मग परीक्षा. त्यांनी त्याचं तोंड उघडून दात बघितले. पुढं वर दोन, खाली दोन, आणि त्या चारांनी कोंडीबांचं बोट धरलं.

“आयायाया!”

कपाटाच्या आडून दोन डोळे बाहेर आले आणि परत गेले.

बोट चोखत कोंडीबांनी पाय मोजले. पायाला बोटं पुढं चार, मागं तीन. त्यांनी पुन्हा मोजली. तितकीच. असलं जनावर बाजारात आलं असतं तर त्यांनी विकणाऱ्याला पहिल्या झटक्यात हाकललं असतं. “तिन्मायला, देवानं मोजताना चूक केली की काय,” ते स्वतःशी म्हणाले.

आणि जनावर खाईना. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड घालून बसलं. कोंडीबांनी कडबा कातरून घातला. पेंड भिजवून घातली. गुळाचा खडा ठेवला. बैलाचं उघडतात तसं तोंड उघडून आळशीचं तेल पाजायचा विचार केला, पण बोटाकडं पाहून तो बेत रद्द केला. दुसऱ्या दिवशी तेच. अंगावरचे केस फिसकारलेले, डोळे उघडे, हालचाल नाही. इंद्रजीत म्हणाला, रुळेल. शिवलीला म्हणाली, “मामा, घाबरलंय ओ ते.” कशाला घाबरलंय? पायांवर पाणी घातलं, नवा पिंजरा दिला, गूळ दिला. माणसानं आणखी काय करायचं?

घरात आता दोघंजण कोपरा धरून बसले होते आणि कोंडीबा मधे उभे राहून आळीपाळीनं दोघांकडं बघत होते. आता मात्र ते चिडले. चीड कुणावर काढायची हेही कळेना, म्हणून ते एजाजवर काढायला निघाले.

शुक्रवार होता. एजाज नमाजाला गेलेला, दुकानाचं शटर अर्ध्यावर. आत पोपटांचा कल्ला. कोंडीबा पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं एजाज टोपी खिशात घालत आला.

“एजाज, खोडीचं जनावर दिलंस तू. खात न्हाय, पीत न्हाय, वरडत न्हाय.”

“अरे, हितं तर शिट्ट्या मारायचं ओ, चाचा. पिशवीचा आवाज आला की शिट्टी. काय घातलं खायाला?”

“पेंड. गूळ.”

एजाजनं कपाळाला हात लावला. “चाचा, ते काय म्हैस हाय का? कोथिंबीर घाला, काकडी घाला, हिरवं गवत घाला. आणि त्याचा कपडा? मी त्याच्यासंगं कपडा दिलेला.”

“ती चिंधी? टाकून दिली की.”

“टाकली?” एजाज त्यांच्याकडं बघतच राहिला. “तोच तर त्याचा घर होता, चाचा. पैदा झालं तेव्हापासनं त्याच्याखाली झोपतंय. सगळंच नवं, सगळाच वास परका, मग त्याला कळणार कसं आपण कुटं आलो?”

“आरं, पर जुनं दावं संगं न्यायचं नसतंय!”

“मला दाव्याचं न्हाय माहीत,” एजाज म्हणाला. “जनावर मात्र माझ्याकडं मरत न्हाय.”

त्यानं आतल्या मोठ्या पिंजऱ्यातून, जिथं बाकीची गिनीपिगं एकमेकांवर पडली होती, तसलाच दुसरा मळका तुकडा ओढून काढला आणि कोंडीबांच्या हातात दिला. कोंडीबांनी तो नाकाशी नेला. वासच वास होता. त्यातून त्यांना काही समजलं नाही. पण तुकडा त्यांनी धोतराच्या सोग्यात जपून धरला आणि जुडीभर कोथिंबीर घेऊन घरी आले.

चिंधी आत टाकली. काही झालं नाही. कोंडीबा भिंतीला टेकले. खाली माग खडखडत होते. मग कोपऱ्यातलं तोंड हललं. नाक पुढं आलं, मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. जनावर जमिनीला पोट घासत चिंधीपाशी गेलं, तिच्याखाली शिरलं, आतल्या आत गोल फिरलं, आणि चिंधीचं एक छोटं टेंगूळ तेवढं दिसत राहिलं. थोड्या वेळानं टेंगळातून तोंड बाहेर आलं आणि कोथिंबिरीची काडी कराकरा आत ओढली गेली.

आणि शिट्टी. बारीक, लांब, कुकरच्या शिट्टीआधीच्या सुस्काऱ्यासारखी.

कोंडीबांना हसू फुटलं. मागं पाहतात तर संस्कृती कपाटाच्या आडून बाहेर येऊन उभी.

“त्याला त्याची कौदी मिळाली?” तिनं विचारलं.

इतक्या दिवसांत तिनं बोललेलं हे पहिलं अख्खं वाक्य. कोंडीबा आनंदानं “व्हय की!” म्हणाले आणि पुढचं त्यांच्या तोंडून सहजच निघालं, “तुझी कुटं हाय गं?”

“अज्जाकडं.” ती पिंजऱ्याकडं बघत म्हणाली. “तुम्हीच परत दिली ना.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. कोंडीबा त्या मोरांच्या चादरीच्या घडीकडं बघत राहिले. त्यांना लाज वाटली. आपण लेकराच्या पायांवर पाणी घालून लेकराचं घरच घंटागाडीत टाकलं, एवढं त्यांना कळलं. बाकी, मग आजवर बाजारात ज्या शेकडो जनावरांची दावी आपण हट्टानं सोडायला लावली त्यांचं काय, हे काही त्यांना कळेना. रीत खोटी म्हणावी तर बाप-आजा खोटे, खरी म्हणावी तर ही पोरगी समोर उभी.

त्यांनी गुरुसिद्धप्पांना फोन लावला.

“पाव्हणं, रविवारी येताय न्हवं?”

“येतो की. रुळली का पोरगी?”

“न्हाय,” कोंडीबा म्हणाले. “पाव्हणं, उभ्या जन्मात मी कुणाकडं दावं मागितलं न्हाय. आज मागतोय. तिची कौदी तेवढी घेऊन या.”

पलीकडं म्हशीची घंटा वाजली.

“तिच्या अज्जीनं शिवलेली हाय ती,” गुरुसिद्धप्पा म्हणाले. “अज्जीबी गेली, पोरगीबी गेली. रात्री मीच उशाला घेतोय. दावं बी दिलं तर माझ्या गोठ्यात काय राहिलं, सांगा की.”

“बघा, तुमचं तुमी ठरवा,” एवढं म्हणून कोंडीबांनी फोन ठेवला. पाव्हणे कौदी घेऊन येतील की मुलीला घेऊन जातील, त्यांना काही अंदाज येईना. घरात त्यांनी कुणाला काही सांगितलंही नाही.

रविवारी गुरुसिद्धप्पा आले. जिना चढताना दम लागला होता. काखेत कौदी होती.

संस्कृती धावली नाही की रडली नाही. तिनं कौदी दोन्ही हातांनी घेतली, तोंडावर दाबली आणि तशीच उभी राहिली. मग ती पिंजऱ्याशेजारी अंथरली, तिच्यावर बसली आणि आईला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. शिवलीला डोळ्यांना पदर लावून हसली.

“काय म्हणाली?” कोंडीबांनी विचारलं.

“भूक लागली म्हणते, मामा.”

कोंडीबांनी तेव्हा कौदीकडं नीट पाहिलं. तिचा एक कोपरा नव्हता. हातभर तुकडा कापून काढलेला, आणि कापलेली कड पांढऱ्या दोऱ्यानं दुमडून शिवलेली, टाके मोठे, वाकडेतिकडे, बैलाची झूल शिवतात तसले. बाईच्या हातचे नक्कीच नव्हते.

“तेवढा ठेवून घेतला,” गुरुसिद्धप्पा त्यांच्याकडं न बघता म्हणाले. “गोठा रिकामा नको.”

कोंडीबांनी मान हलवली. पितळी तांब्यात पाणी आणून त्यांनी व्याह्यांपुढं धरलं. ते घोटभर प्यायले आणि पिंजऱ्यापाशी वाकून बराच वेळ बघत राहिले. मग बोट आत घालू लागले, तसा कोंडीबांनी त्यांचा हात धरला.

“दात बघू नका, पाव्हणं.”

“शेपूट कुटं हाय ह्याचं? पाव्हणं, हे जनावर तरी काय म्हणायचं?”

“मला बी अजून कळंना बघा,” कोंडीबा म्हणाले. “पर ऱ्हायलं.”